मदुराईच्या दोघींचे प्रकरण: घर सोडल्यावर मागे लागणारी तक्रार

२०२१ च्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या मदुराईहून दोन तरुणी घर सोडून चेन्नईला गेल्या. एकीचे वय २२, दुसरीचे २०. थोरली गणितात बीएस्सी करून एमबीएला होती, धाकटी तमिळ विषय घेऊन बीए करत होती. दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. घरी कळल्यावर दोन्हीकडून कडाडून विरोध झाला आणि आता आपली ताटातूट केली जाणार, या भीतीने त्यांनी गाव सोडले. चेन्नईत काही स्वयंसेवी संस्थांनी आणि समलिंगी आणि ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाशी ज्यांची स्वतःची ओळख जुळत नाही अशा) समाजातल्या माणसांनी त्यांना आसरा दिला.

इकडे मदुराईत दोन्ही घरच्यांनी मुलगी हरवल्याची तक्रार दिली आणि दोन एफआयआर नोंदवले गेले. पोलीस माग काढत चेन्नईत त्यांच्या राहत्या जागी पोहोचले आणि चौकशी सुरू झाली. चौकशीनंतर आपल्याला घरच्यांच्या हवाली करतील, हे दोघींना दिसत होते. मग त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. रिट याचिका क्रमांक ७२८४, सन २०२१. मागणी साधी होती: पोलिसांचा जाच थांबवा आणि आईवडिलांकडून आमच्या जिवाला धोका होऊ देऊ नका.

निकालाच्या शीर्षकात अर्जदारांची नावे आहेत, पण त्या सामान्य घरच्या मुली आहेत, म्हणून इथे ती घेत नाही. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींवर काम करते. हे प्रकरण तामिळनाडूचे असले, तरी महाराष्ट्रात समलिंगी आणि ट्रान्स मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते मुळापासून समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. घर तुटते कसे, तुटल्यावर मूल जाते कुठे आणि त्याच्या मागे कोण लागते, हे तिन्ही प्रश्न यात एकत्र आले आहेत.

हाकलणे आणि कोंडणे

एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स आणि अशी इतर मुले बेघर होतात म्हटले की बापाने हात धरून घराबाहेर काढलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. तसे होतेच. बायकी चालतो-बोलतो म्हणून शाळेत असल्यापासून मार खाणारे, आणि एक दिवस कपड्यांच्या पिशवीसकट बाहेर पडणारे ट्रान्स मूल आपल्याकडच्या कुठल्याही रेल्वे स्थानकाला नवीन नाही. त्याच्या घरचे बहुतेक वेळा त्याला शोधायला येत नाहीत. लोकांना सांगतात, कामाला मुंबईला गेलाय.

मुलगी म्हणून वाढवलेल्या अपत्याचे उलटे होते. तिला कोणी जा म्हणत नाही. तिचा फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात, मामाच्या गावी नेऊन ठेवतात, महिनाभरात स्थळ बघतात. मुलीच्या नावाने जन्माला आलेल्या ट्रान्स पुरुषाचेही हेच होते, कारण घरच्यांच्या लेखी तो मुलगीच असतो. यालाही घराने नाकारणेच म्हणायला हवे, पण बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की पोरगी सुखासुखी घर सोडून पळाली आणि आईबाप रडत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले आहेत.

मदुराईच्या प्रकरणाचे मोल इथे आहे. या दोघींना घराबाहेर कोणी काढले नव्हते. एकमेकींना सोडले असते, तर घर त्यांचेच होते. ती अट मान्य नाही म्हटल्याबरोबर राहायची जागा गेली, खर्चाचे पैसे गेले, शिक्षण अर्धवट राहायची पाळी आली, आणि वर सरकारी यंत्रणा त्यांना पुन्हा त्याच घरी पोहोचवायला कामाला लागली. मुलाला हाकलून दिले तर निदान पोलीस त्याला परत तिथेच नेऊन सोडत नाहीत.

हरवल्याच्या तक्रारीचे काम कसे चालते ते जरा जवळून बघू. आपल्याकडे ठाण्यात याला नुसते ‘मिसिंग’ म्हणतात. घरचे फोटो आणि वर्णन देतात, मोबाइलचे लोकेशन काढले जाते, मैत्रिणींना बोलावून घेतात. माणूस सापडले की त्याचा जबाब नोंदवायचा आणि सज्ञान असेल तर त्याच्या मर्जीप्रमाणे त्याला जाऊ द्यायचे. कायद्याने गोष्ट एवढ्यावर संपते. पण जबाब कुठे घ्यायचा, कोणासमोर घ्यायचा, यात सगळे दडलेले असते. मुलीला तिच्या गावच्या ठाण्यात आणतात. तिथे दारातच आई छाती बडवत असते, काका-मामा असतात, एखादा पुढारीही असतो. अंमलदार म्हणतो, बाळ, घरी जा, आईवडील काय तुझे वाईट चिंतणार आहेत का? दोन तासांनी मुलगी मान हलवते आणि जबाबात लिहिले जाते की ती स्वखुशीने आईवडिलांसोबत जात आहे. दागिने नेल्याचा आरोप किंवा मैत्रिणीने फूस लावून पळवल्याचा आरोप हे याच्याच जोडीने येणारे हत्यार. त्यातला हेतू उघड असतो. जोडीदाराला गुन्ह्यात अडकवले की मुलगी आपोआप परत येते.

न्यायाधीशांच्या दालनात

याचिका न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर आली. त्यांनी दोघींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी खुल्या कोर्टात न बोलता दालनात बोलायचे ठरवले आणि २९ मार्च २०२१ च्या आदेशाने सगळ्यांना विद्या दिनकरन या मानसशास्त्रज्ञांकडे समुपदेशनासाठी पाठवले.

इथे माझे कान टवकारले. आपल्याकडे समुपदेशन या नावाखाली काय चालते ते मी पाहिले आहे. मुलीला समोर बसवून ‘हे वय असेच असते’ म्हणत तिला वळणावर आणण्याचा तो एक सभ्य प्रकार असतो. या प्रकरणात तसे घडले नाही, याचे श्रेय त्या मानसशास्त्रज्ञांना आणि त्यांचा अहवाल ज्या पद्धतीने वाचला गेला त्या पद्धतीला आहे. अहवालात म्हटले होते की दोघींना आपल्या नात्याची पूर्ण समज आहे आणि मनात काही गोंधळ नाही. आईवडिलांवर त्यांची अतिशय माया आहे. भीती एकच, की जबरदस्तीने वेगळे करतील. त्यांना शिकायचे आहे, शिकता शिकता नोकरी करायची आहे, घरच्यांशी बोलणे चालू ठेवायचे आहे, आणि आईवडिलांना समजेपर्यंत त्या थांबायला तयार आहेत.

घराने नाकारलेल्या मुलांबद्दल एक मोठा गैरसमज असा की त्यांना घर नकोच असते. मी तर उलटेच पाहत आले आहे. नंबर बदललेली मुलेसुद्धा सणावाराला आईचा आवाज ऐकायला फोन लावतात आणि न बोलता ठेवून देतात. मदुराईच्या दोघींनी तर ‘आम्ही थांबू’ असे सरळ सांगितले होते.

आईवडिलांच्या बाजूचेही अहवालात आले. त्यांना धास्ती होती ती समाज काय म्हणेल याची आणि मुलींच्या सुरक्षिततेची. वंश, दत्तक मूल, नवरा-बायकोच्या संसारात ज्या गोष्टी ओघाने येतात त्या दोन बायकांच्या घरात कशा बसायच्या, हे त्यांना उमगत नव्हते. मुलींनी बाईबरोबर संसार करण्यापेक्षा जन्मभर अविवाहित, ब्रह्मचर्याने राहावे, ते जास्त अब्रूचे, असेही त्यांचे म्हणणे होते.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. मुलीने लग्न न करता एकटे म्हातारे व्हावे, हे कुठल्याही आईबापाला सहजासहजी पटत नाही. आपल्या समाजात अविवाहित मुलगी म्हणजे घरावरचे ओझे समजतात. तरीही हे पालक तेवढे ओझे उचलायला तयार झाले होते. मुलीचे एकटेपण सोसवेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे सोसवणार नाही. नकाराचे मूळ बहुतेक घरांत असेच असते. मुलीविषयीच्या द्वेषापेक्षा भावकीची, सोयरिकीची, धाकट्या भावंडांची लग्ने अडतील याची भीती मोठी असते. म्हणून पालकांशी बोलायला जाणाऱ्याने समलैंगिकतेचे शास्त्र सांगण्याआधी ‘लोकांना काय सांगायचे’ या प्रश्नाला हात घालावा. तिथे त्यांना काही उत्तर सापडले, तरच पुढचे ऐकायला ते तयार होतात.

मग एक गोष्ट घडली जी भारतीय न्यायालयांत क्वचितच घडते. २८ एप्रिलच्या आदेशात न्यायमूर्तींनी लिहिले की या विषयात माझीच समज अपुरी आहे, म्हणून मीही त्याच मानसशास्त्रज्ञांकडे बसून समजून घेणार आहे. या प्रकरणात शब्द डोक्यातून न येता हृदयातून यायला हवेत, आणि मला स्वतःला नीट कळल्याशिवाय ते येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तसे सत्र घेतले, समलिंगी-ट्रान्स समाजातल्या लोकांशी बोलले, आणि पुढच्या आदेशात एका ट्रान्स स्त्री डॉक्टरला आपली गुरू म्हटले. पालकांना ‘तुम्ही बदला’ म्हणण्याआधी हा माणूस स्वतः त्यांच्या शेजारी शिकायला बसला. माझ्या मते पुढच्या आदेशाला जे वजन आले ते यातून.

७ जूनचा आदेश

७ जून २०२१ रोजी सविस्तर अंतरिम आदेश आला. निकाल पालकांच्या संमतीवर अडवून ठेवलेला नव्हता. आईवडील आज ना उद्या समजून घेतील ही आशा न्यायाधीशांनी सोडली नाही, पण तोवर मुलींनी श्वास रोखून बसावे अशी अपेक्षाही धरली नाही.

पहिलाच निर्देश पोलिसांना होता. मुलगी, बाई किंवा पुरुष हरवल्याची तक्रार आली आणि चौकशीत ती एलजीबीटीक्यूआयए+ समाजातल्या, आपल्या मर्जीने एकत्र असलेल्या सज्ञान व्यक्तींची निघाली, तर जबाब घ्यायचा आणि कसलाही त्रास न देता तक्रार बंद करायची. हे कायद्यात आधी नव्हते असे नाही. २०१८ च्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तीचा जोडीदार निवडण्याचा हक्क स्पष्ट सांगितला होता आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला कलम ३७७ खाली सज्ञानांचे संमतीने असलेले संबंध गुन्हा ठरवणे बंद झाले होते. पण ठाण्यातल्या अंमलदाराला सर्वोच्च न्यायालयाचे तत्त्व कळण्यापेक्षा ‘जबाब घे, फाइल बंद कर’ ही सूचना कळते. मला या आदेशातला सर्वांत कामाचा भाग हाच वाटतो.

दुसरा मोठा भाग संस्थांचा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने या समाजासाठी काम करणाऱ्या संस्थांची यादी, पत्ते आणि त्या काय मदत देतात यांसह आठ आठवड्यांत संकेतस्थळावर टाकावी. अडचणीतली व्यक्ती त्यांच्याकडे गेली तर नोंद गुप्त ठेवावी. गरजेप्रमाणे समुपदेशन, पैशाची मदत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील आणि पोलिसांशी समन्वय व्हावा. शाळांच्या पालक-शिक्षक संघांतून पालकांशी या विषयावर बोलावे, असेही त्यात होते. पालकांशी पहिला संवाद पोलीस ठाण्यात होण्यापेक्षा शाळेत झालेला केव्हाही बरा.

आणि निवारा. अल्पमुदतीची निवासगृहे, अंगणवाडी निवारे, गरिमा गृहे (ट्रान्स व्यक्तींसाठीचे निवारे) यांत बारा आठवड्यांत असे बदल करावेत की या समाजातल्या आसरा लागणाऱ्या कोणालाही तिथे राहता येईल.

आसरा नेमका कुठे

या निर्देशाला एवढे महत्त्व का, ते त्या दोघींच्या जागी उभे राहून पाहिले की समजते. चेन्नईत उतरल्यावर त्यांना सरकारी निवारा कुठला होता?

गरिमा गृह ही केंद्राची योजना. पहिले गरिमा गृह २५ नोव्हेंबर २०२० रोजी वडोदऱ्यात सुरू झाले. पथदर्शी टप्प्यात देशभरात मिळून १२ गृहे, प्रत्येकी किमान २५ जणांची सोय. २०२२ मध्ये ती स्माइल या योजनेखाली आली. घराने टाकलेल्या ट्रान्स व्यक्तींसाठी हे फार मोठे पाऊल होते आणि ती चालवणाऱ्या ट्रान्स समाजातल्याच संस्थांनी जीव ओतला आहे. अनुदान रखडून भाडे थकल्याच्या बातम्याही आल्या, तरी त्यांनी दारे बंद केली नाहीत. पण या योजनेत समलिंगी मुलगी बसत नाही, समलिंगी मुलगाही बसत नाही.

स्त्रियांसाठीच्या व्यवस्थेत हिंसाचारग्रस्त बाईला सखी वन स्टॉप सेंटरमध्ये फार तर पाच दिवस राहता येते. पुढे लांब मुदतीची निवारागृहे आहेत. तिथल्या अनेक भगिनी मनापासून काम करतात, पण यश मोजले जाते ते ‘कुटुंबात पुनर्वसन’ किती झाले यावर. जी घरातूनच पळाली आहे, तिच्यासाठी ही मोजपट्टी धोक्याची. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जावे तर अर्जावर स्थानिक पालकाची सही लागते. भाड्याची खोली बघावी तर मालक ओळखपत्र मागतो, आणि आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक सगळे घरी आईच्या कपाटात, कपाटाची किल्ली वडिलांकडे. शोभिवंत शब्दांत आपण ज्याला स्वावलंबन म्हणतो ते त्या कपाटापाशी अडते. कागद नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून खोली नाही, आणि मग एखाद्या मैत्रिणीच्या घरी चार-चार दिवस काढत पुढच्या घरी. रस्त्यावर झोपलेली दिसत नाही म्हणून ती बेघरांच्या कुठल्याच गणतीत येत नाही.

कायद्यातही ही फट आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १२ मध्ये ट्रान्स व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहण्याचा आणि तिथून बाहेर न काढले जाण्याचा हक्क लिहिलेला आहे. घरातून किंवा गावातून हाकलणाऱ्याला कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षे कैद आहे. पण त्याच कलम १२ मध्ये पुढे म्हटले आहे की कुटुंब सांभाळू शकत नसेल तर न्यायालय त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवेल. म्हणजे जन्माचे घर किंवा सरकारी केंद्र. हिजडा समाजातल्या ज्या गुरूंनी आणि मैत्रिणींनी पिढ्यान्‌पिढ्या अशा मुलांना पोटाशी धरले, त्यांचे घर कायद्याच्या हिशेबात नाही. समलिंगी मुलीसाठी एवढेही नाही. तिला कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ उपयोगी पडू शकतो, कारण तो फक्त सुनांसाठी नाही. रक्ताच्या नात्याने एकत्र राहणारी मुलगीही त्याखाली वडिलांविरुद्ध दाद मागू शकते आणि कलम १७ खाली घरात राहण्याचा हक्क सांगू शकते. आपल्याकडे या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अशा तक्रारी क्वचितच जातात, कारण मुलींना आणि कित्येकदा वकिलांनाही हे माहीत नसते.

अठराच्या आतल्या मुलांचा मार्ग निराळा आहे. तिथे १०९८ ही हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती. मुलांचे गृह आणि मुलींचे गृह अशा दोनच रांगा असलेल्या व्यवस्थेत ट्रान्स मुलाला कुठे ठेवायचे, हा प्रश्न समितीपुढे प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. मदुराईच्या प्रकरणाने त्याला उत्तर दिलेले नाही.

इलाजाच्या नावाखाली

७ जूनच्या आदेशाने लैंगिक कल बदलण्याच्या ‘उपचारां’वर बंदी घालण्यास सांगितले आणि असे करणाऱ्या डॉक्टरांचा परवाना रद्द करण्यापर्यंत कारवाई व्हावी असे म्हटले. याची गरज का पडली ते गोव्याने एकदा पाहिले आहे. केरळच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीने मार्च २०२० मध्ये समाजमाध्यमावर सांगितले होते की घरच्यांनी तिला जबरदस्तीने उपचार केंद्रांत ठेवले, औषधे दिली. मे महिन्यात गोव्यात ती मृतावस्थेत सापडली.

भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच समलैंगिकता हा आजार नाही असे जाहीर केले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीरीतींत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. याच याचिकेच्या रेट्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. बुवा-बाबांकडे आणि मांत्रिकाकडे नेण्याला मात्र वैद्यकीय परिषदेचा हात पोहोचत नाही. तिथे पुन्हा पोलीसच लागतात.

पुढे काय झाले

न्यायमूर्ती वेंकटेश यांनी याचिका निकाली काढून टाकली नाही. निरंतर आदेश देत ते ती वर्षानुवर्षे चालवत राहिले. आदेशानंतरही पोलीस कार्यकर्त्यांना त्रास देतात असे समोर आल्यावर त्यांनी नियमातच बदल करायला लावला. २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने पोलीस वर्तणूक नियमांत २४-सी हा नियम घातला. या समाजातल्या व्यक्तींना आणि त्यांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्यांना पोलिसांनी त्रास देऊ नये, असे तो सांगतो. नियमाचा दुसरा अर्धा भाग माझ्यासारखीच्या जिव्हाळ्याचा आहे. मुलीला रात्री आसरा देणाऱ्या बाईलाच ‘तू फूस लावलीस’ म्हणून ठाण्यात बसवले जाते, तेव्हा पुढच्या वेळी दार कोण उघडणार?

२०२२ मध्येच सरकारने या समाजाविषयी आदराने लिहिण्या-बोलण्यासाठी तमिळ शब्दावली राजपत्रात प्रसिद्ध केली. १७ नोव्हेंबर २०२३ च्या आदेशात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी कौटुंबिक सहवासाच्या नोंदणीकृत कराराची कल्पना राज्यापुढे ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. निदान घरच्यांनी त्रास दिला तर दाखवायला एक कागद हातात असावा, हा त्यामागचा विचार.

सर्वोच्च न्यायालयानेही ११ मार्च २०२४ रोजी देवू नायर प्रकरणात खालच्या न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली: घरच्यांनी डांबून ठेवलेल्या व्यक्तीशी न्यायाधीशाने दालनात, एकटीशी बोलावे, तिची ओळख बदलण्याच्या हेतूने समुपदेशनाचा आदेश देऊ नये, आणि आईवडिलांच्या म्हणण्यापेक्षा तिची इच्छा मोठी मानावी.

एवढे सगळे झाल्यावर मे २०२५ मध्ये त्याच मद्रास उच्च न्यायालयात पुन्हा तसेच प्रकरण आले. वेल्लोर जिल्ह्यातली २५ वर्षांची तरुणी, तिला घरी डांबलेले, आणि तिची जोडीदार दाद मागायला आलेली. तरुणीने न्यायालयाला सांगितले की तिला मारहाण झाली आणि ‘नीट’ व्हावी म्हणून पूजाविधी करायला लावले. पोलिसांनीच तिला घरच्यांबरोबर जायला भाग पाडले होते. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन आणि व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या खंडपीठाने पोलिसांना खडे बोल सुनावले, तिला मोकळे केले, कुटुंबाने हस्तक्षेप करू नये असे बजावले आणि निवडलेले कुटुंब हेही कुटुंब असते असे नोंदवले. नियम २४-सी लागू झाल्याला तेव्हा तीन वर्षे उलटली होती. उच्च न्यायालय ते गावचे ठाणे हे अंतर आदेशाने आपोआप कापले जात नाही.

आपल्याकडे

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढेही कुटुंबापासून संरक्षण मागणारे दोन स्त्रियांचे जोडपे आले. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने पोलिसांच्या संवेदीकरणाचा आग्रह धरला, मद्रासच्या आदेशाचा दाखला घेतला आणि तामिळनाडूसारखा नियम करण्याचा विचार करावा असे राज्याला सुचवले. म्हणजे आपल्याकडच्या वकिलाला मदुराईचे प्रकरण परके नाही. ठाण्यात बोलताना आणि अर्जात लिहिताना ते वापरता येते.

मदतीला जाणाऱ्यांसाठी या प्रकरणातून मी घेतलेली शिस्त सांगते. घरातून निघायचे ठरले असेल तर आधी कागद: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पासबुक. मूळ प्रती आणता येत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवावेत. वयाचा पुरावा नसेल तर बाकी सगळे लंगडे पडते. घरचे सोने किंवा पैसे अजिबात सोबत घेऊ नयेत, अगदी स्वतःच्या कानातलेही शक्य असल्यास ठेवून यावे, म्हणजे चोरीच्या आरोपाला जागा राहत नाही. पोहोचल्या दिवशीच दोन्ही ठाण्यांना, गावच्या आणि जिथे आलो तिथल्या, लेखी अर्ज द्यावा: मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने घर सोडले आहे, मला कोणी पळवलेले नाही, जबाब मी इथेच देईन. पोच घ्यावी, ईमेलही करावा. राहण्याचा पत्ता उघड न करता वकिलाचा किंवा संस्थेचा पत्ता द्यावा. जबाबाला वकील किंवा संस्थेतली व्यक्ती सोबत असावी, आणि नातेवाईक त्या खोलीत नसावेत यासाठी हट्ट धरावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आईवडिलांना निघाल्याच्या दिवशी एक निरोप मात्र जरूर द्यावा, की मी सुखरूप आहे. ‘मिसिंग’ दाखल करायला घरचे जातात त्यातला काही भाग खऱ्याखुऱ्या काळजीचा असतो, आणि पोर जिवंत आहे हे कळल्यावर एखादी आई ठाण्याच्या पायरीवरून मागे फिरलेली मी पाहिली आहे.

आसऱ्याचे काय? मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम नावाने सुरू झालेल्या आणि आज लेबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाने घरातून निघालेल्या मुलींच्या पाठीशी उभे राहायचे काम फार आधीपासून केले आहे. १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट, पुण्याचा समपथिक ट्रस्ट हेही आहेत. पण सोलापूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला मुंबई-पुणे गाठेपर्यंत मधली रात्र काढायची असते. महिला व बालविकास विभागाने जिल्ह्यातल्या सखी केंद्रांना एक परिपत्रक काढून कळवावे, की सज्ञान समलिंगी स्त्री किंवा ट्रान्स व्यक्ती आली तर तिच्या संमतीशिवाय घरी फोन करायचा नाही, आणि पाच दिवसांनंतर तिला कुठे पाठवायचे त्या जागेचे नाव त्यातच लिहावे. त्याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. गृह विभागाने २४-सी सारखा नियम आपल्या पोलिसांसाठी करावा, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाच्या सूचनेचा आधार घेऊन प्रत्येक जिल्ह्यातून निवेदनाने पाठवता येईल. आमच्या तालुक्याचे निवेदन आम्ही याच मजकुरावरून तयार करत आहोत.